ससाणा तिलवाहवर येतो, पण जवळ गेलं की तेच घेऊन उडून जातो: काय तपासाल, काय कराल

सप्टेंबर सरता सरता अमिरातीत पहाटेची हवा जरा सुसह्य होते, नवी पिल्लं वाळूवर उतरतात, आणि ऑक्टोबर निम्मा व्हायच्या आत तीच ती तक्रार सुरू होते. पक्षी हाकेला येतो. दोनशे-तीनशे मीटरवरून सरळ रेषेत येतो, तिलवाहवर, म्हणजे बोलवायच्या पंखांच्या जुडीवर, झडप घालतो, सगळं कसं मनासारखं. मग आपण उचलायला पुढे होतो आणि हा पठ्ठ्या पायात मांस धरून उठतो. पहिल्या दिवशी दहा पावलं, दुसऱ्या दिवशी पन्नास. आठवडाभरात तो समोरच्या टेकाडापलीकडे बसून निवांत जेवत असतो आणि आपण घामाघूम होऊन ट्रान्समीटरचा सिग्नल शोधत फिरत असतो.

या लेखात फक्त या एका दुखण्याबद्दल बोलतो. किंचाळणं, टोपी न घेणं, हातावरून सारखं फडफडून लटकणं हे विषय वेगळे आहेत, जरी मुळं कधीकधी एकाच जागी निघत असली तरी.

इथे रोजच्या तोंडचे शब्द अरबी आहेत, तेच वापरतो. तिलवाह म्हणजे दोरीला बांधलेली पंखांची जुडी, जी गरगर फिरवून पक्ष्याला बोलावतात. पूर्वी ती हुबाऱ्याच्या (माळढोकाच्या कुळातला वाळवंटी पक्षी) पंखांची असे. बुरगा म्हणजे डोळ्यांवरची टोपी, वकर म्हणजे वाळूत रोवायचा बसायचा अड्डा, मंगला म्हणजे मनगटावर चढवायची जाड नळी (आपल्याकडे चित्रात दिसतो तो चामडी हातमोजा इथे कमी दिसतो), सबूग म्हणजे पायातले पट्टे. पहिल्या वर्षाचा पक्षी तो फर्ख, पिसं पालटून पुढच्या वर्षात गेलेला तो गर्नास. उडवतात त्या बहुतेक माद्याच, कारण मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते. म्हणून पुढे ‘ती’ म्हणतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: हे सगळं इथलं आहे, जिथे पैदास केंद्रात जन्मलेला, पायात बंद कडी आणि कागदपत्रं असलेला पक्षी ठेवता येतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. बहिरी ससाणा, शाहीन, लग्गड, इतकंच काय शिक्राही पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. जखमी पक्षी सापडला तर खोक्यात अंधारात ठेवा, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि ‘जरा बरा करून शिकवू’ हा विचार मनात आणू नका.

ती का पळते

रानात ससाण्याने सावज मारलं की खरी जोखीम तिथून पुढे सुरू होते. गरुड येतो, कोल्हा येतो, मोठे कावळे येतात, दुसरा ससाणा वरून टपलेला असतो. जो कोणी जवळ येईल तो हिसकावायलाच येणार, हे त्याच्या रक्तात आहे. हिवाळ्यात मुंबईच्या उंच इमारतींवर मुक्कामाला येणारा बहिरी ससाणा कबुतर धरल्यावर ते कठड्यावर किंवा टॉवरवर नेऊन मगच पिसं उपटायला बसतो, ते याच कारणाने. भक्ष्य घेऊन सुरक्षित जागी जाणं हा बिघाड नाही. तुमची मादी बरोबरच वागते आहे. चुकीचं एवढंच, की तिने तुम्हाला कोल्ह्याच्या रांगेत बसवलं आहे.

पैदास केंद्रातल्या पिल्लांना यात आणखी एक धडा मिळालेला असतो. ती भावंडांसोबत एका मोठ्या खोलीत वाढतात, खाणं वरून नळीतून पडतं, आणि जो आधी उचलून कोपऱ्यात पळेल तो जेवतो. माणूस दिसत नाही, पण हिसकाहिसकी रोज दिसते. अशी मादी ऑगस्टमध्ये तुमच्या हाती येते तेव्हा ‘उचल आणि पळ’ तिला आधीच पाठ असतं.

आता आपली बाजू बघा. ती दमून येते, तिलवाह धरते, दोन घास घेते. आपण चालत जातो, दोरी ओढतो, मांस काढून घेतो, टोपी घालतो, गाडीत ठेवतो. परत काढतो, परत उडवतो. शर्यतीच्या तयारीत हे फार होतं. ४०० मीटरच्या तिलवाह शर्यतीत निकाल सेकंदाच्या बारीक भागावर लागतो, त्यामुळे एका सकाळी जमतील तितक्या फेऱ्या मारायचा मोह आवरत नाही. प्रत्येक फेरीला चिमूटभर मांस, आणि प्रत्येक फेरीला तिला भरल्या ताटावरून उठवायचं. दहाएक दिवसांत ती हिशेब मांडते: हा माणूस आला की जेवण संपतं. मग माणूस यायच्या आत निघालेलं बरं.

म्हणून माझं मत ठाम आहे. हा आजार पोटाचा नाही, हाताचा आहे. तुमच्या हाताचा.

‘वजन पाडा’ या सल्ल्याबद्दल

फार्मवर कोणालाही विचारा, मग तो पेशावरचा उस्ताद असो की केरळचा नवा पोरगा, पहिलं उत्तर हेच मिळतं. भूक वाढली की ऐकेल. याने काम होतं तेव्हा त्यामागे वेगळं कारण असतं, आणि होत नाही तेव्हा पक्षी खराब होतो.

आकड्यांत बघू. भरल्या अंगाने ११०० ग्रॅम असलेली मादी साधारण दहा ते पंधरा टक्के उतरली की कामाला लागते, म्हणजे ९३५ ते ९९० च्या मधे कुठेतरी. तो मधला आकडा प्रत्येक पक्ष्याचा वेगळा असतो आणि हवेप्रमाणे सरकतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात जी ९६० वर उत्तम उडते, तीच जानेवारीच्या थंड पहाटे ९६० वर हडकलेली असते, कारण अंग गरम ठेवायलाच जास्त इंधन जातं. थंडी वाढली की उडवायचं वजनही थोडं वर न्यायचं असतं. वहीत मागच्या महिन्याचा आकडा बघून तोच धरून बसणारे इथे पुष्कळ भेटतात.

जास्त वजनामुळेही मादी तिलवाह घेऊन जाते, हे खरं. पण ती चाल ओळखू येते. ती येतानाच रमतगमत येते, वर एक-दोन गिरक्या घेते, तिलवाहच्या शेजारी उतरते, इकडे तिकडे बघते, मग सावकाश उचलून एखाद्या उंचवट्यावर जाऊन बसते. तिला तुमची भीती नाही, गरजही नाही. अशा वेळी दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम करत खाली आणलं की फरक पडतो. ‘वजन पाडा’ सल्ल्याची सगळी कीर्ती या पक्ष्यांमुळे आहे.

भीतीने पळणारी मादी तशी नसते. ती बाणासारखी येते, तिलवाहवर आदळते आणि लगेच दोन्ही पंख छत्रीसारखे पसरून मांस झाकते. शेपटी वाळूला टेकलेली, मान पुढे, आणि नजर मांसावर नाही, तुमच्यावर. हिला आणखी उपाशी ठेवलं तर काय होणार? घास जितका मोलाचा, तितकी चोराची धास्ती जास्त. शिवाय किंचाळायची सवय लागते, ती पुढे मोडता मोडत नाही. पिलाची काही पिसं अजून वाढत असतील तर उपासाची आडवी रेघ त्यात कायमची उमटते आणि ऐन हंगामात पीस नेमकं तिथेच तुटतं.

काट्यावरच्या आकड्याबरोबर बोटं वापरा. रोज त्याच वेळी, आदल्या दिवशीच्या पिसा-हाडांची गोळी तिने ओकून टाकल्यावर वजन करा. मग छातीचं मधलं हाड दोन बोटांत घ्या. दोन्ही बाजूंचं मांस भरीव, गोलसर लागलं तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखं लागत असेल तर त्या दिवशी उडवायचंच नाही, खाऊ घालायचं. मध्यम मादीला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास मांस लागतं, थंडीत आणि कामाच्या दिवशी जास्त.

आणि आधी तब्येत. भूक चांगली असून वजन उतरतंय, शीट पांढरी-काळी यायच्या ऐवजी हिरवट येतेय, आवाज बसलाय, थोडं उडून चोच उघडी ठेवून धापा टाकतेय, तोंडात पिवळट चिकट थर दिसतोय, यातलं एक जरी असलं तरी शिकवणं थांबवून दवाखाना. जीरच्या (उत्तर ध्रुवाकडच्या मोठ्या ससाण्याच्या) संकरांना फुप्फुसाच्या बुरशीचा त्रास पटकन होतो. ताज्या कबुतराच्या मांसातून तोंडाचा आजार येतो, म्हणून गोठवून मग वितळवलेलं मांस द्यावं, शक्यतो बटेर. अबू धाबीत १९९९ पासून खास ससाण्यांचं इस्पितळ आहे, बाकी अमिरातींतही डॉक्टर मिळतात. आजारी मादी लपायला जागा शोधते आणि आपण त्याला उनाडपणा समजतो.

ती नेमकी कधी उठते, ते बघा

निदान इथे होतं. कोणाला तरी लांबून मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. आपण स्वतः चालत असताना नीट दिसत नाही, आणि ‘अचानक उडाली’ असं सांगणाऱ्याच्या चित्रीकरणात ती कधीच अचानक उडालेली नसते.

तुम्ही लांब असतानाच, उतरताक्षणी तिलवाह उचलत असेल तर कारण बहुधा तुम्ही नाही. आकाशात बघा. हिवाळ्यात इथे स्थलांतर करून आलेले गरुड असतात, शेजारच्या फार्मचा मोकळा ससाणा असतो. खाली कुत्रा, उंट, क्वाड बाइक. जागा बदलून बघा. दोन वेगळ्या जागी तीच चाल राहिली तर मग ती भावंडांच्या खोलीतली जुनी सवय समजा.

तुम्ही वीस-पंचवीस पावलांवर आल्यावर उठत असेल तर तुमची चाल चुकते आहे. ताठ उभं, सरळ रेषेत, डोळ्यांत डोळे घालून, सूर्य पाठीशी घेऊन तुमची लांब सावली तिच्यावर पाडत येणारा माणूस तिला काय वाटेल? हल्ली ड्रोनला तिलवाह लटकवून शिकवतात. पक्षी ती हवेत धरतो आणि छोट्या पॅराशूटच्या आधाराने कुठेतरी लांब उतरतो. मग लँड क्रूझर थेट त्याच्या अंगावर नेतात, दार धाडकन आपटतात. गाडी पन्नास-साठ मीटरवर थांबवा, इंजिन बंद करा, पुढे पायी जा. एवढ्या एका गोष्टीने सुधारलेले पक्षी आहेत.

तुम्ही बसला आहात, ती खाते आहे, आणि हात खाली गेला की उठते, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. हा हिसकावण्याचा परिणाम. उठण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत ती सगळं सांगत असते. फुललेली पिसं अंगाला चिकटतात, मान बारीक आणि लांब होते, एक डोळा तुमच्या बोटांवर खिळतो, एक पाय मांसावरून उचलून ती पकड बदलते, आणि पंखांचे खांदे अंगापासून सुटतात. खांदे सुटले की उशीर झाला. मान बारीक झाली तिथेच हात थांबवायचा. मागे ओढायचा नाही, थांबवायचा.

खाणं जवळपास संपल्यावर उठत असेल तर तुम्ही उशिरा जाता आहात. पोट भरलं आहे, पुढे टोपी आणि गाडी आहे हे तिला माहीत आहे. निम्मं खाणं झालं असताना उचला आणि उरलेलं हातावर द्या.

आणि एकाच माणसापाशी पळत असेल, तर प्रश्न सुटलाच म्हणायचा. मालकाचा मुलगा, त्याचा पाहुणा, दोन कामगार असे चार जण एकच पक्षी हाताळत असतील तर तिला चार पद्धती शिकाव्या लागतात आणि त्यातली सगळ्यात वाईट ती लक्षात ठेवते. दुरुस्तीच्या काळात हात एकच. मजलिशीत हे सांगायला जड जातं, मान्य आहे. मालकाला ‘पक्षी हरवेल’ असं सांगा, ते कानावर लगेच जातं.

दुरुस्ती

मोकळं उडवणं पूर्ण बंद. रोज पळून जाऊन ती रोज जिंकते आहे, आणि तसं होत राहिलं तर बाकी काहीही शिकवा, फुकट. पूर्ण गर्नास झालेल्या, दोन हंगाम हीच सवय असलेल्या मादीला एखादा महिना धरून चाला. फर्ख असेल आणि नुकतीच सुरुवात असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत फरक दिसतो.

सुरुवात खोलीत, मंगल्यावर. ती हातावर बटेरचा पाय खात असते. तुमचा उघडा हात बोटांत मांसाचा तुकडा घेऊन हळू येतो, तिच्या पायाजवळ ठेवतो, जातो. परत येतो, ठेवतो, जातो. काही घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी हात दिसताच मान बारीक होईल. काही दिवसांनी एक छान गोष्ट दिसते: हात आला की ती खाणं थांबवून वाकून बोटांत काय आहे ते बघते. पिसं फुललेलीच राहतात. हे दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. ज्यांना घाई असते ते नेमकी ही पायरी टाळतात.

मग जमिनीवर. मागच्या अंगणात, पायात मुरसाल म्हणजे लांब बंधन असतानाच, दोन पावलांवर तिलवाह टाका. मांस त्याला घट्ट बांधलेलं हवं. सुटं ठेवलंत तर तुम्हीच तिला ‘घेऊन जा’ म्हणता आहात. ती उडी मारून येईल, पंख पसरेल. तुम्ही खाली बसा, तिरके बसा, दुसरीकडे बघत बसा. जरा वेळाने एक तुकडा तिच्यापुढे टाका. उठून निघून जा. परत या, तुकडा द्या, परत जा. या निघून जाण्यात सगळा औषधाचा गुण आहे. तिच्या अनुभवात प्रत्येक वेळी ‘माणूस आला’ म्हणजे ‘खेळ खल्लास’ असं होतं, ती साखळी तोडायची आहे. पाच वेळा जवळ गेलात तर चार वेळा देऊन परत या, पाचव्या वेळी उचला. पंख आपोआप मिटायला लागतील. मिटलेले पंख ही इथली पावती.

उचलण्याची रीत जरा सविस्तर सांगतो, कारण चांगले चांगले इथे ढेपाळतात. तिलवाहवर उरलंय त्यापेक्षा मोठा आणि चांगला तुकडा मंगल्यावर हवा. छातीचा असेल तर उत्तम, हाडासकट पाय असेल तरी चालेल, कारण त्यावर ती गुंतून राहते. मंगला तिच्या छातीसमोर, तिलवाहपेक्षा किंचित उंच धरा. तिला ढकलायचं नाही, तिनेच पाऊल टाकायचं. एक पाय येतो, दुसरा अजून तिलवाहवर असतो. इथे सगळे दोरी ओढतात. ओढू नका. तिला दोन घास खाऊ द्या, दुसरा पाय स्वतःहून सुटतो. ती वाकून खात असतानाच दुसऱ्या हाताने तिलवाह तुमच्या गुडघ्याखाली किंवा पिशवीखाली सरकवा. वाळूत असाल तर वर वाळू लोटा. आपलं भक्ष्य कोणी नेलं हे तिला दिसता कामा नये, आपण एका जेवणावरून दुसऱ्यावर आलो एवढंच वाटलं पाहिजे. पायातले पट्टे अडकवा. आणि लगेच उठू नका. ती चार-पाच घास खाईपर्यंत बसून राहा. उठताना तिचं तोंड वाऱ्याकडे असू द्या, नाहीतर मागून वारा पिसांत शिरतो आणि ती दचकते.

टोपीची घाईसुद्धा सोडा. खाऊन झालं की ती चोच मंगल्यावर दोन्ही बाजूंनी घासते, मग सगळं अंग फुलवून झाडते. ते झालं की टोपी. घास गळ्यात असताना बुरगा घालणं हेही हिसकावणंच.

हे अंगणात जमलं की लांब दोरीवर. आधी तीस मीटर, मग पन्नास, मग शंभर. जागा झुडपं नसलेली, दोरीचं टोक वजनाला बांधलेलं. ती तिलवाहसकट उठली तर दोरीला हिसका द्यायचा नाही, पायाला इजा होते. फक्त दोरीवर पाय ठेवा आणि उभे राहा. कुठे जाता येत नाही हे तिला कळू द्या, त्यात तुमचा राग दिसू देऊ नका. दोरीवर असताना जवळ जायची दिशाही बदला. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो आणि ओझं घेऊन उठायचं तर त्याला समोरचा वारा लागतो. तुम्ही समोरून, पण जरा बाजूने, वाकून, थांबत थांबत गेलात तर तिला तुम्ही पूर्ण वेळ दिसता आणि उठायची तिची सोयीची दिशाही अडते. मागून कधीच जाऊ नका.

मोकळं उडवायला परत सुरुवात केली की सकाळी एकच फेरी, आणि त्या फेरीवर भरपेट जेवण. दुसरी फेरी नंतर कधीतरी. शर्यतवाल्यांना हे पचत नाही, पण रोज सहा फेऱ्या मारून पळपुटी झालेली मादी शर्यतीच्या दिवशी रेषा ओलांडल्यावर कुठे जाईल याचा नेम नसतो.

सामानाकडे एक नजर

हजार ग्रॅमची मादी तीनशे ग्रॅमचं कबुतर आरामात उचलून नेते, मग शंभर ग्रॅमची तिलवाह म्हणजे काहीच नाही. पण तिलवाहच जड केली तर झडपेत तिच्या छातीवर किंवा पायावर आदळून दुखापत होते. म्हणून पंखांची जुडी मऊ आणि हलकी, आणि वजन दोरीच्या दुसऱ्या टोकाच्या काठीत. ती झडप घालते त्या क्षणी काठी सोडून द्या. ओढता येईल पण उचलता येणार नाही इतकी ती जड हवी. अर्धवट जड काठी सगळ्यात वाईट, कारण ती घेऊन मादी कशीबशी उडते, दोरी गाफ किंवा समरच्या झाडात अडकते आणि पक्षी उलटा लटकून मरतो. याच कारणाने मोकळं उडवताना पायात चीर नसलेले पट्टे घाला, चिरेत काटेरी फांदी अडकते. ट्रान्समीटर चालू आहे का ते टोपी काढायच्या आधी बघा, हे सांगायला नको, पण सांगतो.

आणि आज ती गेलीच असेल तर

मागे धावू नका. तुम्ही धावलात की तिचा संशय खरा ठरतो आणि पुढच्या वेळी ती आणखी लांब जाते. सिग्नलवरून जागा काढा, दुरून दिसेल इतक्यावर थांबा आणि बसा. मांस थोडंच असेल तर ते संपल्यावर ती अजून भुकेली असते. त्या वेळी दुसरी तिलवाह, जिच्यावर पहिल्यापेक्षा मोठा घास आहे, जमिनीवर टाका आणि मागे सरका. फिरवायची गरज नसते. ती आली तर वर सांगितली तशीच, देऊन-परत-जाऊन, उचला. ही उचल बिघडली तर आठवड्याचं काम वाया.

गळ्याची पिशवी टम्म फुगलेली दिसत असेल तर त्या दिवशी ती येणार नाही, कितीही ओरडा. खांबावर, खडकावर जिथे बसेल तिथेच बहुधा रात्र काढेल. अंधार पडेपर्यंत नजर ठेवा, शेवटची जागा नीट टिपून घ्या, विजेचे खांब जवळ असतील तर ट्रान्समीटरवर जास्त लक्ष ठेवा. रात्री मोठी शृंगी घुबडं झोपलेला ससाणा उचलतात, त्यामुळे शक्य असेल तर कोणीतरी जवळपास गाडीत थांबावं, दिवे न लावता. मग उजाडायच्या अर्धा तास आधी तिथे हजर राहा. पहिल्या उजेडात ती गोळी ओकेल, अंग झाडेल, इकडे तिकडे बघेल. सूर्य वर येऊन हवा तापली की ती वर चढत जाऊन भलतीकडेच जाऊ शकते, म्हणून काय करायचं ते त्याआधीच्या तासाभरात. तोवर मांस कापून, तिलवाहला बांधून, वाऱ्याच्या बाजूने जागा धरून तयार बसा, आणि तिने अंग झाडल्यावरच पहिली हाक द्या.